तेविसावा बैल

(पत्र थोडक्यात : नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातले ६२ वर्षांचे निवृत्त वाचक. अंगणातल्या शेडमध्ये लेथ बसवून वाडगे, भोवरे, लाटणी कातण्याचा छंद. मुलगा म्हणतो, विकायला काढा. बायको म्हणते, एवढा खर्च केला तर चार पैसे तरी येऊ द्या. यांना वाटतं, विकलं की आनंद गेला. छंद छंदच ठेवावा का, असं विचारतात.)

भाऊ,

चार पानांच्या पत्रात तुम्ही ओल्या बाभळीच्या छिलक्यांवर अर्धं पान लिहिलंय. ते वाचून मला माझ्या काकांचा इतवारीतला खराद, म्हणजे लेथच, आठवला, खरंच बरं वाटलं. मग तिसऱ्या पानावर ही ओळ आली : "महालातल्या एका लाकडी बैलवाल्याची तान्ह्या पोळ्याची ४०० चाकं करायला घेतली होती, ९० झाली, मग कंटाळा आला. त्याचे २,००० रुपये ॲडव्हान्स पडून आहेत." आणि लगेच पुन्हा शिसमाचा वाडगा.

भाऊ, एका बैलाला चार चाकं, तर ९० चाकं म्हणजे बावीस बैल झाले. तेविसावा दोन चाकांवर उभा आहे.

त्या माणसाचा हंगाम केवढा, ते नागपूरकराला सांगावं लागू नये. पिठोरी अमावास्येला पोळा. दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, संध्याकाळी तान्हा पोळा : पोरं लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला. तिसऱ्या दिवशी बिनचाकाचा बैल तो कोणाला विकणार? तुम्हाला कंटाळा आलाय हे तुम्ही मला कळवलंत. त्याला कळवलंत का?

एकसारखं काम म्हणजे मजुरी, असंही लिहिलंय तुम्ही. या वाक्याचा मला राग आला. वाडगा वाकडा गेला तर तुम्ही आकार बदलून घेता, कोणाला कळतही नाही. चाकाला ती सवलत नाही. चारातलं एक दोन मिलीमीटरनं लहान निघालं की बैल लंगडतो, आणि ते पाच वर्षांच्या पोरालाही दिसतं. काका पट्टीवर खुणा करून ठेवायचे, कॅलिपर एकाच मापाला बांधून ठेवायचे आणि गोल दांड्याच्या चकत्या पाडत जायचे. दांडा वाळलेलाच घ्यायचे, कारण ओल्या दांड्याची चकती वाळताना कडेपासून मध्यापर्यंत तडकते. आसाचं भोक किंचित सैल ठेवायचे, कारण पावसाळी हवेत आस फुगला की चाक फिरत नाही, नुसतं घासत जातं. दिवसभर एकच माप हाताला सांभाळणं मी जवळून पाहिलंय. त्याला कमी लेखू नका.

म्हणून छंद की धंदा, ही चर्चा आज बंद. आजच त्याला फोन करा, उशीर झाला हे स्वतःच्या तोंडानं सांगा. रोज ३० चाकं केलीत तर अकरा दिवसांत ३१० होतात. चारशेवं चाक उतरवतानाही हात पहिल्यासारखाच चालला, तर खुशाल विका. नाही चालला, तर पुढच्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी नाही म्हणा आणि वाडगे घरच्यांना वाटा. मुलालाही तसंच सांगा.

आणि चाकं पोचवायला मुलाला पाठवू नका. स्वतः जा, एक बैल तिथेच जमिनीवर ओढून बघा, मग उरलेले पैसे घ्या.

तुमची ताई