मास स्पेक्ट्रोमेट्रीवरच्या (रेणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखण्याच्या तंत्रावरच्या) पेपरचा ऑल्टमेट्रिक स्कोअर फक्त १ आहे, म्हणजे तो कुणी वाचलाच नाही का?

तुम्ही लिहिलंय की पेपर येऊन आठ महिने झाले, स्कोअर १, मेंडलेवर (पेपर सेव्ह करून ठेवायच्या ॲपवर) ३४ वाचक आणि सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांत संदर्भ, एकही नाही. तर पेपर वाचला गेलाय. मन खट्टू करून घेऊ नका.

तो स्कोअर वाचनाचा नाहीच, बातम्या, ब्लॉग, सोशल मीडियावर पेपरच्या झालेल्या उल्लेखांचा आहे. बातमीला ८, ब्लॉगला ५, ट्विटला जेमतेम पाव. बेरीज अपूर्णांकात आली की वरचा पूर्णांक धरतात, म्हणून एका ट्विटलाही १ दिसतो. आणि मेंडलेचे वाचक त्यात धरतच नाहीत! आपल्या विषयात खरा वाचक तिथंच असतो. आयन सप्रेशनवर (नमुन्यातल्या इतर पदार्थांमुळे सिग्नल दबतो त्यावर) ट्विट कोण करणार? वाचक पेपर सेव्ह करतो आणि लॅबमध्ये उघडून बसतो.

मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवतो. हळदीतल्या कुरकुमिनॉइड्सवरच्या (पिवळ्या रंगद्रव्यांवरच्या) माझ्या पेपरचा स्कोअर २ होता, मीही असाच हिरमुसलो होतो. मग एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचा मेल आला: "सर, ३६९चा पीक माझ्याकडे उशिरा येतोय. मोबाइल फेजमध्ये फॉर्मिक ॲसिड नेमकं किती घेतलं होतं?" (३६९ म्हणजे कुरकुमिनचा सिग्नल, मोबाइल फेज म्हणजे नमुना वाहून नेणारं द्रावण.) पद्धतीचा भाग ओळ न् ओळ वाचल्याशिवाय हा प्रश्न पडत नाही. तो मेल मी अजून जपून ठेवलाय.

पेपरची लिंक कुठंही टाकाल तेव्हा डीओआयसकट (पेपरच्या कायमच्या ओळख क्रमांकासकट) टाका, नुसतं नाव लिहिलं तर मोजणाऱ्यांच्या हाती सहसा काही लागत नाही. शिवाय पेपरबद्दल मराठीत एक पान लिहा, हे मी कळकळीनं सांगतो. माझं पान मार्केट यार्डातल्या एका अडत्यानं उभ्या उभ्या वाचलं. पूर्वी हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद साठवणाऱ्या घरातला माणूस. त्यानं थेट विचारलं, "मग पिवळा रंग मारलेला यात कळतो का?" भेसळीच्या रंगांपैकी मेटॅनिल यलो कळतो, म्हटलं, लेड क्रोमेटसाठी मात्र शिसं मोजणारं वेगळं मशीन लागतं. इतका नेमका प्रश्न मला रिव्ह्यूअरनंही विचारला नव्हता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डेटा. मॅसिव्ह किंवा मेटाबोलाइट्स या खुल्या डेटासाठ्यांवर तो खुला केलात, तर तुमच्या पेपरचं नावही न ऐकलेला माणूस स्वतःचा स्पेक्ट्रम शोधता शोधता तुमच्यापर्यंत येतो. रॉ फाइल्स अजून लॅबच्या पीसीवरच पडून असतील तर याच आठवड्यात चढवा. सोबत एमझेडएमएल या खुल्या फॉरमॅटमध्येही द्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं मशीन वापरणाऱ्यालाही त्या उघडता येतील.