जपानी अ‍ॅनिमे मालिकांचे नायक, 'ड्रॅगन बॉल'मधील गोकू आणि 'वन पंच मॅन'मधील सैतामा, यांच्यात खरोखर अधिक शक्तिशाली कोण?

माझ्या मते या दोघांपैकी कोणीच अव्वल नाही. निव्वळ संहारशक्ती मोजायची असेल, तर 'ड्रॅगन बॉल सुपर'मधील झेनो या लहान मुलासारख्या दिसणाऱ्या देवतेपुढे बहुतेकांचे काही चालणार नाही. याच मालिकेतील खलनायक झमासू भविष्यातील अवघ्या विश्वाशी एकरूप होतो आणि गोकूसह सर्वांचे उपाय थकतात, तेव्हा झेनो ते विश्वच क्षणार्धात पुसून टाकतो. गंमत म्हणजे याच झेनोला वेगवान लढती नजरेने टिपता येत नाहीत, त्यामुळे त्याला योद्धा म्हणणे कठीण आहे.

प्रत्यक्ष द्वंद्वाचा विचार केला, तर प्रश्न गुंतागुंतीचा होतो. गोकूची ताकद सरावातून आणि रूपांतरांतून टप्प्याटप्प्याने वाढत जाते व प्रत्येक टप्प्यावर तिची मर्यादाही दिसते. याउलट 'वन पंच मॅन'मधील सैतामा मुळातच अजिंक्य नायक म्हणून, विडंबनाच्या अंगाने रचलेला आहे. बोरोस या परग्रहवासी खलनायकाच्या प्रहाराने थेट चंद्रावर जाऊन आदळल्यावरही तो श्वास रोखून एका उडीत पृथ्वीवर परततो. तरीही पडद्यावर दिसलेल्या पराक्रमांपुरते बोलायचे, तर मी गोकूला झुकते माप देईन, कारण विनाशाची देवता असलेल्या बीरुसशी झालेल्या त्याच्या लढतीत नुसत्या ठोशांच्या टकरीने अख्खे विश्व हादरते.

'डेथ नोट'मधील लाइट यागामीला या वादात ओढणे मात्र मला पटत नाही. नाव आणि चेहरा ठाऊक असलेल्या माणसाला तो 40 सेकंदांत मारू शकतो हे खरे, पण ते सामर्थ्य त्याचे नव्हे, तर ज्या वहीत नाव लिहिताच माणूस मरतो त्या वहीचे आहे.