व्यभिचार, लफडं आणि मधली जागा

एका वाचकाचा प्रश्न असा: ‘विनोदी कादंबरी लिहितो आहे. नायक आकर्षणाच्या विज्ञानावर संशोधन करणारा प्राध्यापक. जगाला प्रेमाची कारणमीमांसा समजावून सांगतो, पण बायकोचं दुसरीकडे जुळलंय हे त्याच्या गावीही नसतं. "व्यभिचार" लिहिलं की पानावर न्यायाधीश येऊन बसतो, "लफडं" लिहिलं की सगळंच थिल्लर होतं. मधला शब्द कोणता? नाट्यशास्त्रातल्या व्यभिचारी भावांचा याच्याशी काही संबंध आहे का? आणि "केमिस्ट्री"ला "रसायन" म्हणावं का?’

मधलं, हलकं, कुणाचीही बाजू न घेणारं एकशब्दी नाम मराठीत मला तरी ठाऊक नाही. ‘प्रतारणा’ पुस्तकी आहे. ‘फसवणूक’ म्हटलं की पैशाचा व्यवहार आठवतो, ‘विश्वासघात’ म्हटलं की किल्ला शत्रूच्या हाती गेल्यासारखं वाटतं. ‘विवाहबाह्य संबंध’ आणि ‘अनैतिक संबंध’ या वर्तमानपत्री जोड्या. त्यांच्यापुढे ‘संशयावरून’ हा शब्द आपोआप येतो आणि त्यापुढे काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. विनोदी कादंबरीत ती बातमी नको. ‘बेवफाई’ गझलेतच शोभते. ‘जारकर्म’ कायद्याच्या पुस्तकात ठेवावा. ‘बाहेरख्याली’ मला मनापासून आवडतो, कारण मराठी ‘बाहेर’ आणि फारसीतून आलेला अरबी ‘ख्याल’ यांचा तो संसार आहे. पण तो बहुतेक पुरुषालाच लावतात, शिवाय त्यातून सवय सूचित होते. एकदाच घडलेल्या गोष्टीला आणि तुमच्या नायिकेला तो बसणार नाही.

तरीही ‘व्यभिचार’ टाकून देऊ नका. तुमच्या प्राध्यापकाच्या तोंडी याच्याइतका विनोदी शब्द दुसरा मिळणार नाही.

शब्दाची घडण साधी आहे. वि आणि अभि हे दोन उपसर्ग आणि चर् म्हणजे चालणं, फिरणं हा धातू. ठरलेली वाट सोडून भलतीकडे जाणं एवढाच त्याचा गाभा. नवराबायकोशी त्याचं लग्न लागलं ते एका अंगानं. दुसऱ्या अंगानं तो तर्कशास्त्राचा पारिभाषिक शब्द झाला, आणि तिथे तो अतिशय सभ्य आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, हेत्वाभास, म्हणजे सदोष कारणं, पाच सांगितली आहेत. त्यातलं पहिलंच ‘सव्यभिचार’. त्याची व्याख्या एका शब्दात दिली आहे: अनैकान्तिक. जे एका बाजूला टिकून राहत नाही ते. ज्या कारणावरून निष्कर्ष काढायचा ते कारण निष्कर्ष खोटा असलेल्या जागीही आढळलं, तर ते कारण व्यभिचारी.

उदाहरण धुराचं आणि आगीचं. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान पक्कं, कारण आगीवाचून धूर सापडत नाही. उलटं करून पाहा: आग आहे, म्हणून धूर असणारच. इथे नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचा पंडित, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतो. आग आहे, धूर नाही. म्हणजे धूर सिद्ध करायला आणलेला ‘आग’ हा हेतू (तर्कशास्त्रात हेतू म्हणजे कारण) व्यभिचारी ठरला, अनुमान बाद. आणि गंमत अशी की संशयी माणूस आजही नेमकं हेच उदाहरण घेऊन भांडतो: ‘आगीशिवाय धूर निघत नाही!’

आता तुमच्या प्राध्यापकाला हे शिकलेला समजा. बहीण येऊन म्हणते, ‘दादा, वहिनी हल्ली एकटीच गुणगुणते, फोन उलटा ठेवते, काहीतरी आहे रे.’ प्राध्यापक चष्मा पुसतो. गुणगुणणं निष्ठावंत बायकांमध्येही आढळतं. फोन तर तो स्वतःही उलटा ठेवतो. सबब: ‘ताई, तुझ्या हेतूतच व्यभिचार आहे!’ बहीण तोंडाला पदर लावते, वाचकाला सगळं माहीत असतं, आणि प्राध्यापक वाद जिंकून आत निघून जातो. शब्द एकच, दोघांनी ऐकलेले अर्थ वेगळे. हा विनोद ‘लफडं’ किंवा ‘अफेअर’ देऊ शकत नाही.

याच घराण्यातलं एक संस्कृत वचन मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणारे पंडित) आणि वैयाकरण वापरत आले आहेत: ‘सम्भवव्यभिचाराभ्यां स्याद् विशेषणमर्थवत्.’ विशेषणाला अर्थ यायचा तर दोन गोष्टी हव्यात: तो गुण त्या वस्तूत असण्याची शक्यता, आणि नसण्याचीही. ‘उष्ण अग्नी’ म्हणण्यात हशील नाही, कारण अग्नी थंड असतच नाही. ‘शीत अग्नी’ संभवतच नाही. ‘नील कमळ’ मात्र सार्थ, कारण कमळ निळंही असतं आणि इतर रंगांचंही. हाच नियम ‘एकनिष्ठ पत्नी’ला लावून पाहा. भाषणात प्राध्यापक बायकोचा उल्लेख कौतुकानं ‘माझी एकनिष्ठ पत्नी’ असा करतो, आणि समोर बसलेला व्याकरणाचा म्हातारा मास्तर दचकतो. विशेषण लावलं म्हणजे व्यभिचाराची शक्यता गृहीत धरली! या दृश्याला दोन पानं द्या.

गीतेच्या तेराव्या अध्यायात भक्तीला ‘अव्यभिचारिणी’ म्हटलं आहे, ते याच अर्थानं: इकडेतिकडे न भटकणारी. म्हणजे शब्दाला शिवीची धार लग्नाच्या संदर्भात आली, आणि ती बाईला जास्त टोचते. ‘व्यभिचारी’ म्हटलं तर पुरुष, भाव किंवा तर्क कोणीही असू शकतो. ‘व्यभिचारिणी’ म्हटलं की बोट एकीकडेच जातं. विनोद करताना हे तोल सांभाळून वापरा, नाहीतर हसू बाईच्या अंगावर जाईल आणि कादंबरी नवऱ्याची वकिली करू लागेल.

व्यभिचारी भावांचा संबंध आहे, मूळ एकच. भरताच्या नाट्यशास्त्रात स्थायी, म्हणजे टिकून राहणारे, भाव आठ आणि व्यभिचारी भाव ३३. व्युत्पत्ती तिथेच दिली आहे: रसांच्या दिशेनं नाना प्रकारे फिरतात म्हणून व्यभिचारी. त्यांना संचारीही म्हणतात, आणि सभेत लाजणारे वक्ते हटकून ‘संचारी’ म्हणतात. रती, म्हणजे प्रेम, हा स्थायी भाव; तो घरात राहतो. शंका, असूया, हर्ष, चिंता, व्रीडा म्हणजे लाज, हे ये-जा करतात. तुमच्या कामाचा एक भाव म्हणजे ‘अवहित्था’, मनातलं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून केलेली लपवालपवी. फोन उलटा ठेवणं ही शुद्ध अवहित्था. शृंगारातून भरतानं आलस्य, उग्रता आणि जुगुप्सा वगळली आहेत. आळशी माणसाला प्रेम झेपत नाही हे त्याला ठाऊक होतं. चोरून केलेलं तर अजिबातच नाही, वेळापत्रक केवढं सांभाळावं लागतं!

याहून महत्त्वाचं म्हणजे भरत हास्याचा जन्म शृंगारातूनच सांगतो. शृंगाराची नक्कल म्हणजे हास्य. त्यामुळे प्रेमावर विनोदी लिहिताना आपण काही अगोचरपणा करतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही.

आता नामांचा नाद सोडा. मराठी बोलताना या विषयावर नामांपेक्षा क्रियापदांवर जास्त चालते, आणि पुष्कळदा ती पायांची असतात. पाऊल वाकडं पडतं, पाय घसरतो, माणूस वाहवतो, बहकतो, चळतो. ‘चर्’मधलं चालणं इथे मराठी पायांनी चालू आहे. ‘शेण खाल्लं’ हा वेगळा प्रकार. तो बोलणाऱ्याचा राग दाखवतो आणि करणाऱ्याला एका दमात गुन्हेगार आणि मूर्ख दोन्ही ठरवतो, म्हणून विनोदाला फार उपयोगी. एकाच घटनेला कोण काय म्हणतं यावर पात्रं उभी राहतात. नव्या मादीपुढे नराचा मावळलेला उत्साह परत येतो याला जीवशास्त्रात ‘कूलिज परिणाम’ म्हणतात. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज, त्यांची पत्नी आणि एक उत्साही कोंबडा यांच्या आख्यायिकेवरून ते नाव पडलं. प्राध्यापक तेच म्हणेल. त्याची आत्या म्हणेल, ‘या वयात चळलाय मेला.’ माहिती तीच, शब्द निम्मे.

‘अफेअर’बद्दल एक सावधगिरी. मराठीत तो नपुंसकलिंगी आहे आणि त्यात फसवणूक असेलच असं नाही. दोन अविवाहितांचंही अफेअर असतं. त्यामानानं ‘प्रकरण’ फार गुणी शब्द आहे. पुस्तकाचा भाग म्हणजे प्रकरण, कचेरीतली बाब म्हणजे प्रकरण, आणि ‘त्यांचं प्रकरण चाललंय’ हेही प्रकरणच. नाट्यशास्त्रात तो दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, एक आहे: कथा लेखकानं रचलेली, देवादिकांची नव्हे. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ हे प्रकरण, आणि त्यातल्या चारुदत्ताला घरी बायको आहे, मन वसंतसेनेवर आहे. कादंबरीच्या अनुक्रमणिकेत ‘प्रकरण पहिलं’, ‘प्रकरण दुसरं’ असं तुम्ही छापणारच. तुमचं काम निम्मं झालं.

आणि कधीकधी कुठलाच शब्द नको. मराठीची पूर्वज जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यातल्या हालाच्या गाथासप्तशतीत अशा बायकांसाठी ‘असई’ म्हणजे असती हा शब्द येतो. पण तिथली सर्वांत गाजलेली गाथा तो शब्द वापरतच नाही. ‘भम धम्मिअ वीसत्थो’ अशी तिची सुरुवात. बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: बुवा, आता खुशाल फिरा; तो कुत्रा आज गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं मारला. कुत्र्याला भिणाऱ्याला सिंहाची बातमी देऊन ‘खुशाल फिरा’ म्हणायचं! बुवा परत तिकडे फिरकणार नाही, आणि तिची भेटीची जागा मोकळी राहील. प्रियकर, नवरा, भेट, यांतलं काहीही उच्चारलेलं नाही. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. तुमच्या नायिकेचे संवाद लिहिताना ही शेजारी ठेवा.

विज्ञानाच्या भागात शब्दांची निवड आणखी जपून करावी लागेल, कारण आपले सगळे शब्द लग्न धरून बसले आहेत. पक्ष्यांच्या सुमारे ९० टक्के जाती जोडीनं राहून पिल्लं वाढवतात. १९८०च्या दशकापासून डीएनए चाचण्या होऊ लागल्या तेव्हा अनेक जातींत घरट्यातल्या काही पिल्लांचा बाप वेगळाच निघाला. याला ‘विवाहबाह्य’ म्हणणं हास्यास्पद. पक्ष्यांनी अक्षता टाकल्या नव्हत्या. ‘एकपत्नीव्रती’ही नको. ‘जोडीबाहेरचं पिल्लू’ म्हणा, अर्थ नेमका येतो. प्राध्यापकाच्या व्याख्यानात मात्र ‘विवाहबाह्य अंडी’ चुकून निघून गेली तर मी हसेन. ‘आकर्षण’ आणि ‘ओढ’ यांतही फरक ठेवा. कृष् म्हणजे ओढणंच, तरी आकर्षण समोरच्याचं वाटतं आणि ओढ दूर असलेल्याची लागते. प्रयोगशाळेत आकर्षण मोजता येईल. ओढ लागायला माणूस खोलीबाहेर जावा लागतो.

राहिली केमिस्ट्री. संवादात सरळ ‘केमिस्ट्री’ लिहा. ‘त्यांची केमिस्ट्री जुळली’ हे आता मराठीच आहे. शब्द स्त्रीलिंगी, क्रियापदही पत्रिकेचंच घेतलं आहे. ‘त्यांच्यातलं रसायन’ हे चित्रपट-परीक्षणातलं भाषांतर वाटतं. पण आयुर्वेदात रसायन म्हणजे म्हातारपण लांबवणारा उपचार, आणि आठ अंगांच्या यादीत त्याच्या शेजारचं अंग वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवणारे उपचार. तेव्हा प्राध्यापकानं पाटीवर ‘प्रेमाचे रसायन’ लिहिलं आणि ऐकायला पहिल्या रांगेत सगळे सत्तरीचे आजोबा येऊन बसले, तर त्यांची काहीच चूक नाही.