‘हिंमतच होत नाही, मॅडम’

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य हेच. मुलाखतीला निघालेला पोरगा म्हणतो, साहेबाकडे रजा मागायची राहून गेलेला शिरोली एमआयडीसीतला सुपरवायझर म्हणतो, माहेरी चार दिवस जाऊ का म्हणून विचारू न शकणारी सून म्हणते. आणि त्यापुढचं प्रत्येकाचं ठरलेलं असतं: ‘मी मुळातच भित्रा.’ एका आईने तर मुलाचं धाडस वाढवायला एखादं टॉनिक मिळतं का, असं विचारलं होतं. म्हणून हे एकदा लिहून टाकते.

एका पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. धाकट्या दिराला धंद्यासाठी मोठं कर्ज काढायचं होतं आणि जामीनदार म्हणून यांची सही हवी होती. आधीच्या एका कर्जाचे हप्ते त्याने थकवलेले. नवऱ्याला विचारलं तर ‘तुम्ही दोघं बघून घ्या.’ गंमत अशी की जामीनदारांना नोटिसा काढायचं काम ऑफिसात याच बाईंकडे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते हे करार कायद्याचं १२८ वं कलम त्यांना तोंडपाठ, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला कसा निघतो तेही ठाऊक. सगळं कळत होतं. तरी भाऊजी समोर आले की ‘बघते की’ म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या.

“जाऊबाई बघा कशी डेरिंगबाज आहे. बुलेट चालवते, कुणालाही फाडकन बोलते. मला हिंमतच होत नाही बघा.”

पहिले काही दिवस आम्ही याच वाक्याभोवती फिरत होतो. मग एकदा त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला. म्हटलं, हिंमत या अर्थाचे तुम्हाला येतात तेवढे शब्द लिहा. “शाळेतल्यासारखं?” म्हणत त्या हसल्या, पण अक्षर लावून लिहिलं: धाडस, धैर्य, धीर, छाती, शौर्य, डेरिंग.

“आता प्रत्येकापुढे क्रियापद लिहा. हिंमत?”

“होत नाही.”

“छाती?”

“तीही होत नाही.”

“शौर्य?”

“गाजवतात. ते सैनिकांचं.”

“धीर?”

“धरतात.”

“धाडस?”

“करतात,” असं लिहून त्यांनी पेन खाली ठेवलं. पुन्हा वरची ओळ वाचली. “म्हणजे मॅडम, हिंमत व्हायची वाट बघत बसले होय मी?”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं, हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं नाही, वर्षांनी शिकवलं. क्रियापदांचा हा प्रश्नही कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या खोलीतच तयार झालेला आहे, हेही जाता जाता सांगते.

शब्दकोशात हे सगळे शब्द एका ओळीत बसतात, पण तोंडात आले की त्यांचे स्वभाव वेगळे. हिंमत होत नाही, मन धजत नाही, छाती होत नाही: या वाक्यांत आपण नुसते बघे. हिंमत येईल, मग मी बोलेन. ती बहुधा येत नाही. आली तर बोलून झाल्यावर येते. धाडस मात्र करावं लागतं आणि ते तीस सेकंदांचंही असू शकतं. शौर्य हे दुसऱ्यांनी म्हणायचं, आपण नव्हे. आणि पोरगं साहसी व्हावं म्हणणाऱ्यांच्या माहितीसाठी: जुन्या धर्मशास्त्रांत साहस हे जबरदस्तीने केलेल्या गुन्ह्यांचं नाव आहे. विचार न करता उडी मारणारं पोर काही मोठं शूर नसतं.

कागदावरच्या ‘धीर’वर बोट ठेवून मी विचारलं, हा कधी धरलात?

२०१९ चा पूर. घर शाहूपुरी कुंभार गल्लीच्या बाजूला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेलेलं. नवरा बाहेरगावी अडकलेला, सासूबाईंना चालता येत नव्हतं. वरच्या मजल्यावर दोघीच. जिन्याच्या पायरीवर खडूने रेघ मारायची, तासाभराने बघायचं, पुढची पायरी. नाव येईपर्यंत हेच चाललेलं.

“त्यात कसली हिंमत आलीय? पळायला जागाच नव्हती.”

“भीती वाटत होती?”

“हात असे कापत होते, खडू दोनदा पाण्यात पडला.”

स्टॅनली रॅकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बॉम्ब निकामी करणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचा अभ्यास केला होता. त्याच्या मते भीतीच न वाटणं वेगळं आणि भीती वाटत असताना काम तडीस नेणं वेगळं. धैर्य म्हणायचं ते दुसऱ्याला. हात कापत असताना रेघ मारणारी बाई भित्री कशी?

पण मला त्याहून महत्त्वाचं दिसलं ते वेगळंच. बाईंकडे धीर कमी नव्हता, जरा जास्तच होता. सोसायची इतकी सवय की जिथे बोलायला हवं तिथेही त्या धीरच धरत होत्या. अशा बाया आपल्याकडे घरोघरी आहेत आणि त्यांना ‘हिंमत ठेव’ असं सांगणं म्हणजे आणखी सोस म्हणणं.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायचे. ही पद्धत मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं, माणसावर शिक्का मारू नका, कृतीबद्दल बोला. ते स्वतः बोलायला लाजत. एकोणीस वर्षांचे असताना न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बागेत बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी त्यांनी मुद्दाम जाऊन गप्पा मारल्या. एकच भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली.

म्हणून ‘मी भित्री’ हे बाजूला ठेवून आम्ही एकच वाक्य तयार केलं. त्यात कारण नको, कारण दिलं की समोरचा ते खोडायला बसतो. माफी नको. व्हॉट्सॲपवर नको, तोंडी. आवाज कापला तर कापू दे, वाक्य पूर्ण करायचं. आधी बहिणीसमोर मोठ्याने म्हणून बघायचं. ‘भाऊजी, मी जामीन राहणार नाही.’ एवढंच.

ते त्या चहाच्या वेळी बोलल्या. “वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” एवढं म्हणून भाऊजी उठून गेले. बरेच दिवस अबोला होता, सासूबाईही घुश्श्यात. ते मी आधीच सांगून ठेवलं होतं: धाडस केलं की लगेच बरं वाटतं असं नाही, बहुतेक वेळा आधी वाईटच वाटतं. पुढे भाऊजींनी दुसरा जामीनदार गाठला. बाई नोटिसा काढतात, पूर्वीसारख्याच.

तुमचं असं एखादं वाक्य अडलं असेल तर आधी क्रियापद तपासा, मग वाक्य लहान करा. छाती इतकी धडधडते की घराबाहेर पडणंच बंद झालंय, अशी अवस्था असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. आणि घरात मारहाण होत असेल तर हे वाक्याचं प्रकरण तिथे लावू नका. तिथे एकटीने धाडस करायचं नसतं. आधी ११२ (पोलीस मदत) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) ला फोन करून सुरक्षित जागी जा, माझ्याकडे नंतर या.