इशापूरची जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल घेतली आहे, तिची दुरुस्ती घरी किती करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही टेक्सासमध्ये राहता, तिथल्या दुकानातून १९४२ साली बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेली ली-एनफिल्ड घेतली. लाकूड ग्रीस पिऊन काळं पडलंय, दस्ता हलतो, जुन्या लष्करी गोळ्या झाडल्यावर आठवड्याभरात नळीत गंज दिसला. आता सगळी रायफल पॉलिश पेपरने घासून नव्यासारखी करावी का, आणि सुट्टीत सांगलीला नेऊन ओळखीच्या मिस्त्रीकडून स्वस्तात दुरुस्त करून घेता येईल का?

पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा. जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून माझी नोकरी झाली, आणि त्यातली बरीच वर्षं याच रायफलीच्या सोबतीत गेली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला, म्हणजे १९०७ साली स्वीकारलेल्या आराखड्याची रायफल शंभराहून जास्त वर्षं कामावर होती. ती इतकी टिकली कारण तिचे महत्त्वाचे भाग एकमेकांशी हाताने जुळवून बसवलेले असतात. ती जुळवणी तुम्हाला जपायची आहे. चकाकी आणायला जाल तर तीच बिघडेल.

सुरुवात वाचण्यापासून करा. दस्ता ज्या लोखंडी खोबणीत बसतो, तिच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली जी.आर.आय., इशापूर, साल आणि मार्क ३* असं कोरलेलं असेल. मग नळीवर, बॉडीवर (नळीमागचा मुख्य लोखंडी भाग) आणि लाकडावर ‘डीपी’ किंवा ‘ईवाय’ ही अक्षरं आहेत का ते नीट बघा. डीपी म्हणजे फक्त कवायतीसाठी ठेवलेली रायफल. ती कितीही चांगली दिसली तरी तिच्यातून गोळी झाडू नका. ईवाय म्हणजे बहुधा ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेली, साध्या गोळीसाठी फक्त अडीनडीला ठेवलेली. तीही भिंतीवरच बरी. त्यानंतर बोल्टच्या दांड्यामागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का बघा. या रायफलीत बोल्टचे लग (बंद बोल्टला धरून ठेवणारे खांदे) मागच्या बाजूला असतात आणि ते त्या-त्या बॉडीत सारखा भार घेतील असे घासून बसवलेले असतात. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट सहज आत सरकतो, बंदही होतो, पण भार एकाच लगवर येऊ शकतो.

नंबर जुळत असले तरी पुढची गोळी झाडण्याआधी हेडस्पेस मोजून घ्या. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला कडा असते. ती कडा नळीच्या ज्या टोकावर टेकते तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंत किती अंतर आहे, हे त्यात तपासतात. लष्करी मापाप्रमाणे ०.०६४ इंचाच्या गेजवर (ठरलेल्या जाडीचा मापाचा तुकडा) बोल्ट मिटला पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर मिटता कामा नये. बोटाच्या हलक्या दाबाने बघायचं, जोर लावून कधीच नाही. गेज स्वस्त असतात, पण पहिल्यांदा हे जाणत्या गनस्मिथकडूनच करून घ्या. जागा जास्त निघाली तर बोल्टचं पुढचं डोकं बदलून बहुतेकदा काम होतं. ते आट्यांनी बसलेलं असतं. पुढे आलेल्या नंबर ४ रायफलीत या डोक्यांवर ० ते ३ असे आकडे असतात. तुमच्या मार्क ३* ला, म्हणजे नंबर १ ला, तशी सोय नाही, एकेक डोकं लावून मोजावं लागतं. तुम्ही झाडलेली रिकामी काडतुसं ठेवली असतील तर बुडाच्या थोडं वर चकचकीत रेघ उमटली आहे का बघा. तिथे पितळ ताणलं जातंय, आणि असं काडतूस पुन्हा भरून वापरलं तर तिथेच तुटतं.

आता गंज. जुन्या लष्करी गोळ्यांच्या प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे क्षारच. तो नळीत बसतो आणि हवेतला ओलावा ओढतो. तेलात तो विरघळत नाही. नुसतं तेल लावून ठेवलं तर क्षार तेलाखाली आपलं काम करत राहतो, आणि तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. त्याला पाणीच लागतं. बोल्ट काढा, तोंड खाली धरा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, जाईल अशी नळी जोडलेलं नरसाळं लावा आणि दोन-तीन लिटर उकळतं पाणी ओता. लाकडाला पाणी लागू देऊ नका. तापलेलं लोखंड उरलेला ओलावा स्वतःच उडवतं. मग कोरड्या फ्लॅनेलच्या चिंध्या फिरवा, नंतर तेलाचा पातळ हात. बोल्टचं तोंडही पाण्याने पुसा, तिथेही तोच क्षार असतो. हे त्याच दिवशी करायचं. पुढच्या वेळी झाडण्याआधी नळीतलं तेल मात्र कोरडं पुसून घ्या.

पुलथ्रू (चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी) वापरत असाल तर दोरी सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढली की ती तोंडाशी पोलाद खात जाते. अशा झिजलेल्या तोंडाच्या रायफली मी खूप पाहिल्यात. त्यांचा नेम जातो, आणि दोष मात्र सगळे नळीला देतात. नळी आतून काळपट असेल तर घाबरू नका. खाचांच्या कडा शाबूत असतील तर काळी नळीही चांगला नेम देते.

दस्त्याबद्दल विशेष जपून. हलतो म्हणून तुम्ही मागची पितळी झडप उघडून लांब स्क्रूड्रायव्हर घालाल, आणि इथेच बहुतेकांच्या हातून रायफल फुटते. नंबर १ मध्ये दस्त्याच्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की लाकूड मागून उभं चिरतं. म्हणून क्रम असा: मॅगझिन, नोजकॅप, वरची लाकडं, बँड, ट्रिगरगार्ड, मग पुढचं लाकूड, आणि सगळ्यात शेवटी दस्ता. आतल्या बँडच्या स्क्रूखाली बारीक स्प्रिंग असते, ती उडून हरवते. पुढचं लाकूड काढताना पुढून धरून पिळू नका, मागच्या बाजूने सरळ खाली ओढा. दस्त्यात स्क्रूड्रायव्हर घालण्याआधी भोकातली चामड्याची किंवा नमद्याची गुंडी बाहेर काढा, नाहीतर स्क्रूड्रायव्हर तिच्यावर चढून दस्ता फाडतो. आवळून झाल्यावर चौकोनी टोक पट्टीत शिरेल अशा स्थितीत उभं आलंय ना, ते बघूनच पुढचं लाकूड परत चढवा.

लाकूड हातात आलंच आहे तर त्याच्या मागच्या टोकाच्या आतल्या दोन खांद्यांकडे बघा. गोळीचा सगळा धक्का तेच घेतात. तेलाने कुजून ते दबले असतील तर रायफलीचा नेम कधीच जागेवर राहणार नाही. तेवढाच भाग कापून कठीण लाकडाचा तुकडा चिकटवावा, हे माझं मत. इपॉक्सी ओतून काम लवकर होतं, पण पुढचा माणूस ते पुन्हा उघडू शकत नाही. लाकडातून आडवा गेलेला एखादा स्क्रू दिसला तर तो काढू नका. लाकूड फाटू नये म्हणून तो इशापूरमध्येच घालत.

काळेपणासाठी तुमच्याकडचं ऊन पुरे. लाकूड कागदी रुमालात गुंडाळून काळ्या पिशवीत उन्हात ठेवा, ग्रीस कागदात उतरतं. चार-सहा वेळा करा. घासाल तर लाकडावरचे शिक्के कायमचे जातील आणि लाकूड लोखंडाच्या पातळीखाली जाईल. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की तंतू वर येतात. मग जवसाचं कच्चं तेल, थोडं थोडं, तळव्याने गरम होईपर्यंत चोळून, प्रत्येक थर वाळू देऊन. वॉर्निश नको. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

सांगलीचं मात्र डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे भारतात थ्री-नॉट-थ्री प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या मापात, येते. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, त्यामुळे तुमच्याबरोबर तो मिस्त्रीही अडकेल. आपल्याकडच्या परवानाधारकांकडे दिसते ती इशापूरचीच .३१५ बोअरची रायफल. तिची ठेवण बरीचशी हीच आहे, पण काडतूस वेगळं. त्या गोळ्या तुमच्या रायफलीला चालणार नाहीत. टेक्सासमध्येच ली-एनफिल्डचं काम केलेला गनस्मिथ शोधा, आणि त्याने स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी विचारा की तो दस्ता आधी काढणार की पुढचं लाकूड.