डबल घ्यायचीच आहे नं, मग हे वाच

अरे बेटा,

रविवारी अंबाझरीच्या काठावर तू विचारलंस, ताई, आपल्या नागपुरात डबल आयर्नमॅन भरवायची आहे, दोन महिन्यांत होईल नं? आणि मी उत्तर न देता चल आधी चहा घेऊ म्हटलं, ते तुला लागलं असेल तर माफ कर. हाव म्हटलं असतं तर खोटं झालं असतं आणि नाही म्हणायचं माझ्या मनात नव्हतंच. आता साडेअकरा वाजलेत, घरचे झोपलेत, तर नीट सगळं लिहिते. लांब होईल, दोनदा बसून वाच.

डबल म्हणजे पोहणं, सायकल, पळणं अशा सलग आयर्नमॅन रेसच्या दुप्पट, ७.६ किमी पोहणं, ३६० सायकल, ८४.४ पळणं. हे आकडे तुला पाठ आहेत. फुल, म्हणजे एक पूर्ण आयर्नमॅन, तू केलीयेस, ६०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतली सायकल राइड, ४० तासांच्या आत काढलीयेस, त्यामुळे अंतराच्या बाबतीत तुला मी काही शिकवावं असं नाही. काळजी मला दुसरीच आहे, की तू आयोजनाकडे पण रेससारखंच बघतोयस, म्हणजे दात-ओठ खायचे आणि निघायचं. रेसमध्ये दमतात ते आपलेच पाय, त्यांना आपण दामटून चालवू शकतो. इथं सगळं दुसऱ्याच्या हातात असतं, पूलवाल्याच्या, ट्रॅफिकच्या साहेबांच्या, ॲम्ब्युलन्सवाल्याच्या, आणि ज्यांना रात्री तीन वाजता खुर्चीवर बसून दुसऱ्याचे राउंड मोजायचेत त्या पोट्ट्यांच्या. तिथं जिद्द म्हणजे फक्त परत जाणं. परत जाऊन पुन्हा तेच, त्याच शांतपणे सांगणं.

ही रेस भरवायचं माझं पहिलं वर्ष सांगते. एका ऑफिसात मी नऊ वेळा गेले, दर वेळी वेगळा कागद मागितला, नवव्यांदा सांगितलं की हा अर्ज इथला नाहीच. मी पायऱ्यांवर बसून रडले होते खरंच, कारण तोपर्यंत सहा जणांनी ट्रेनिंग सुरू केलेलं, एकानं तर लग्नाची तारीख पुढं ढकललेली. दुसऱ्या वर्षी परवानगी मिळाली तर पूलवाल्यांनी आदल्या संध्याकाळी फोन करून नाही म्हटलं. तिसऱ्या वर्षी पाच जण उतरले, तिघं पूर्ण झाले, बघायला घरचेच लोक होते, आणि तो दिवस माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मेडलांपेक्षा मोठा आहे. तू दोन महिने म्हणतोस. दोन वर्षं धर, मग जे लवकर होईल ते बोनस.

पाच हा आकडा वाचून तुला कसंतरी झालं असेल तर हे लक्षात ठेव की १९७८ मध्ये हवाईला पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा सुरुवातीला १५ जण होते आणि १२ जणांनी संपवली. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवरा-बायकोची ती कल्पना, आणि जॉन स्वतः त्यात उतरलेला. प्रत्येकानं आपापला सपोर्ट क्रू आणायचा होता. दुसरा आलेला जॉन डनबार, त्याच्या क्रूजवळचं पाणी संपलं तर त्यांनी त्याला बिअर दिली. लोक ही गोष्ट मजेनं सांगतात, मला मात्र ती ऐकली की पोटात गोळा येतो, कारण पाणी संपणं म्हणजे काय हे मी एप्रिलमध्ये उमरेड रोडवर बघितलंय. तू मोठी रेस घेऊ नको. आठ जण घे, दहा घे. आठ माणसांकडे तू रात्रभर लक्ष देऊ शकतोस, ऐंशींकडे नाही.

तारीख. यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलंय. मार्च अर्धा गेला की नागपूर विसर, मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे तुला सांगायला नको. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या आठवड्यात सगळी व्यवस्था तिकडे लागलेली असते आणि तेच बरोबर आहे. डिसेंबर हवेला एकदम मस्त पण हिवाळी अधिवेशन असतं, अर्धं पोलीस खातं बंदोबस्तात, तुला चौकात उभं राहायला कुणी मिळणार नाही. जानेवारीचा पहिला अर्धा भाग तर मी स्पष्ट नाहीच म्हणते, संक्रांतीच्या आसपास इथं आकाशभर पतंग आणि नायलॉन मांजा, बंदी असली तरी दिसतोच, आणि सायकलवर एरो पोझिशनमध्ये, म्हणजे हँडलवर पुढं वाकून, गळा नेमका पुढं असतो. राहिलं काय, दिवाळीनंतरचा नोव्हेंबर किंवा जानेवारीचा शेवट. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा लागतात, शाळेचं मैदान मागू नको आणि पोरांच्या अभ्यासात स्पीकर तर नकोच. तसाही रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर चालत नाही, आणि तुझं पळणं नेमकं रात्रीच चालणार, तेव्हा घोषणाबिषणा विसर, शिट्टी पण हळू. जमलं तर पौर्णिमेच्या जवळचा वीकेंड घे. ऐंशी किलोमीटर पळताना चांदणं असलं की फार फरक पडतो रे, मी पळलेय म्हणून सांगते.

पोहणं तलावात घ्यायचंय तुला, माहितीये मला. खिंडसीचं पाणी, मागं रामटेकचा गड, फोटो काय येतील! पण साडेसात किलोमीटर म्हणजे चांगला पोहणारा पण अडीच-तीन तास पाण्यात आणि हळू पोहणारा चार-पाच तास, तेवढा वेळ प्रत्येक डोक्यावर नजर ठेवायला किती होड्या, किती ट्रेन्ड लाइफगार्ड लागतील याचा कागदावर हिशेब कर. अंबाझरीत जलपर्णी आहे, फुटाळ्यात विसर्जनाचं काय काय तळाशी बसलेलं असतं. पूल घे. जगभर अल्ट्रा ट्रायथलॉन, म्हणजे आयर्नमॅनपेक्षा लांब अशा रेस, कितीतरी ठिकाणी पुलातच होतात, त्यात काही कमीपणा नाही. ५० मीटरच्या पुलात १५२ लांब्या. प्रत्येक पोहणाऱ्यामागं दोन मोजणारे ठेव, एक नको, कारण एक जण शिंकला तरी आकडा जातो, आणि लांबी चुकली तर ज्याची चुकली त्याला आयुष्यभर शंका राहते. शेवटच्या चार लांब्यांना पाण्याखाली रंगीत पाटी धरायची, वर ओरडून त्याला ऐकू येत नाही.

सायकलला वर्धा रोड, अमरावती रोड डोक्यातून काढ, रिंग रोडवर ट्रक, आणि समृद्धीवर सायकलला परवानगीच नाही. छोटा राउंड शोध, सहा ते दहा किमीचा, मिहानकडे रुंद रस्ते आहेत, रविवारी रिकामे असतात, तिकडे बघ. आणि एकच नियम पक्का, सगळी वळणं डावी. आपण डावीकडून चालतो, डावीकडे वळलं की समोरची गाडी कापावी लागत नाही. दहा किमीचा राउंड म्हणजे ३६ फेऱ्या, एवढ्या वेळा उजवं वळण घेतलं तर विसाव्या तासाला झोपेत कुणीतरी चुकणारच. राउंडची पाहणी दिवसा करू नको, पहाटे तीनला कर, कारण कुत्री दिवसा झोपलेली असतात. गतिरोधक, खड्डे, झाकण नसलेले चेंबर, सगळ्यावर चुना टाक.

पळायला २.११ किमीचा राउंड काढ, ४० फेऱ्यांत बरोबर ८४.४ होतात. छोटा राउंड कंटाळवाणा वाटतो लोकांना, पण त्यामुळंच माणूस दर पंधरा-वीस मिनिटांनी तुझ्या डोळ्यासमोरून जातो. त्याचा चेहरा दिसतो, चाल दिसते, वाकडा चालायला लागला की लगेच कळतं. एकाच मांडवात डॉक्टर, जेवण, खाट, चार्जिंग सगळं.

जेवणाचं आपल्या लोकांना जास्त सांगावं लागत नाही. मऊ खिचडी, वरणभात, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, संत्र्याच्या फोडी. पोहे दे पण तर्री नको, कुणी कितीही मागू दे. सावजी रेस झाल्यावर. रात्री दोनच्या पुढं गोड कुणालाच जात नाही, सगळ्यांना खारट लागतं, तेव्हा गरम वरणाचं पाणी ठेव. आणि नुसतं साधं पाणी भरभर पाजत राहू नको, घामातलं मीठ जातं आणि वरून साधं पाणी चढलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळायला लागतो, आणि क्रूला वाटतं अजून पाणी पाज. म्हणून सुरुवातीला वजन कर आणि मध्ये मध्ये कर. वजन वाढलं तर धोक्याची घंटा. लघवी कोलासारखी काळपट झाली तर त्याला थांबवून सरळ दवाखान्यात पाठव, स्नायू तुटून किडनीवर येतंय ते. पेनकिलर तर फॉर्मवरच बंद म्हणून लिही.

आपल्याच गावच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, जवळपास पाच हजार किलोमीटर, १२ दिवसांच्या मर्यादेत. एकट्यानं म्हणजे सायकल एकट्याची, मागं गाडीत क्रू जागा होताच. तुझ्या आठ खेळाडूंना प्रत्येकी दोन क्रू लागतील, आणि ते मित्र म्हणून नकोत, जागणारे पाहिजेत. आधी एकदा त्यांना रात्रभर बसवून बघ.

पैशाचं थोडक्यात, कारण सोपं आहे. फी कमी ठेव, प्रत्येक पावती जप, रेस झाल्यावर आठ दिवसांत हिशेब सगळ्यांना पाठव. पुढच्या वर्षी लोक त्यावरच येतात.

आता जे मला रविवारी बोलता आलं नाही ते. तिसऱ्या वर्षी एक जण होता, साठीच्या आसपासचा, चार वर्षं त्यानं त्या रेससाठी काढली होती. चौतिसाव्या फेरीला, म्हणजे ७१ किमी पुढं, तो थरथरायला लागला, बायकोचं नाव आठवेना. डॉक्टर म्हणाले बस. तो म्हणाला सहाच फेऱ्या राहिल्यात ताई, चालत करतो, वेळ आहे. आणि वेळ होता. माझ्यातली खेळाडू म्हणत होती करू दे त्याला, मी असते तर मला कुणी थांबवलेलं चाललं नसतं. मी त्याचा हात धरून वीस-तीस पावलं चालले आणि मग त्याच्या छातीवरचा नंबर मी स्वतः काढला. हातात सेफ्टी पिना घेऊन मी किती वेळ तिथं उभी होते मला माहीत नाही. तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून ठीक होऊन घरी गेला. आजही रस्त्यात भेटला तर मान हलवतो, बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटतं आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा नंबर काढीन.

तुला हे जमेल का, एवढंच मला बघायचंय. तू स्वतः ताप अंगावर घेऊन रेस पूर्ण केलेला पोरगा आहेस, मला तेव्हाही ते आवडलं नव्हतं आणि मी बोललेही होते. तीच सवय घेऊन दुसऱ्यांच्या जिवाजवळ उभं राहता येत नाही. म्हणून फॉर्मवर पहिली ओळ ही लिही की डॉक्टरांचा शब्द शेवटचा, आयोजकाचा सुद्धा नाही. आणि पाऊस, वीज, परवानगी, काहीही बिघडलं तर रेस रद्द करायचा फोन तू स्वतः कर, प्रत्येकाला, मेसेज नको. मी सहा फोन केलेत तसे. शेवटचा फोन त्या लग्नवाल्याला होता.

येत्या रविवारी पहाटे तीनला ये. मी मिहानच्या चौकात थांबते. चुन्याची पिशवी माझ्याकडे आहे, तू लांब टेप आण, पन्नास मीटरचा, घड्याळातल्या जीपीएसवर राउंड मोजायचा नाही. कुत्र्यांसाठी बिस्किटं पण आण दोन पुडे.

तुझी,
ताई