वाचकांचे प्रश्न : हळदीच्या कागदावरील सावली

प्रश्न : मी सांगलीत राहते आणि चित्रकलेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी एका छायाचित्रकाराच्या शैलीचा अभ्यास करून त्या आधारे दहा चित्रे सादर करायची आहेत. मी मॅन रे यांची निवड केली आहे. त्यांचे रेयोग्राफ आणि सोलरायझेशन केलेली व्यक्तिचित्रे मी पुस्तकांत पाहिली; परंतु ती कशी घडली हे नीट उमगत नाही. आमच्याकडील डार्करूम बंद पडली आहे, ब्रोमाइड पेपर (फोटोच्या प्रती काढण्याचा प्रकाशसंवेदी कागद) परवडत नाही आणि हेच परिणाम संगणकावर मिनिटभरात मिळतात, असे मित्र सांगतात. घरी काही करता येईल का? शिवाय मॅन रे यांच्या ‘ल व्हिओलाँ दँग्र’ या चित्राच्या धर्तीवर मैत्रिणीच्या पाठीवर तंबोऱ्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि वेलबुट्टी रंगवून फोटो काढावा, असे मनात आहे. ते अनुकरण ठरेल का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, परंतु त्याचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातूनच निघते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

मॅन रे यांचा जन्म १८९० साली फिलाडेल्फियात झाला, बालपण ब्रुकलिनमध्ये गेले आणि १९२१ साली ते पॅरिसला आले. चित्रकार म्हणून नाव व्हावे ही त्यांची इच्छा होती. पोट मात्र फोटोग्राफीवर चालत होते. पॉल प्वारे या नामांकित वेशभूषाकारासाठी काढलेल्या फोटोंच्या प्रती ते रात्री आपल्या हॉटेलच्या खोलीत तयार करीत असत. आत्मचरित्रात त्यांनी लिहून ठेवले आहे की, अशाच एका रात्री प्रकाश न दाखवलेला एक कोरा फोटोचा कागद चुकून डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, गेला. त्यावर काहीच उमटेना. वाया गेलेल्या त्या ओल्या कागदावर त्यांनी सहज काचेचे नरसाळे, मापाचे भांडे आणि थर्मामीटर ठेवले व दिवा लावला. कागद काळा पडत गेला आणि वस्तूंच्या जागी पांढऱ्या-करड्या आकृती उरल्या. काचेतून प्रकाश वाकून गेला होता, त्यामुळे त्या नुसत्या सपाट सावल्या नव्हत्या. या पद्धतीला त्यांनी स्वतःच्या नावावरून रेयोग्राफ म्हटले आणि १९२२ साली अशा बारा चित्रांचा संच प्रसिद्ध केला, ज्याची प्रस्तावना कवी त्रिस्तान झारा यांनी लिहिली.

कॅमेऱ्याशिवाय, वस्तू थेट कागदावर ठेवून चित्र उमटवणे ही कल्पना मात्र त्यांची नव्हती, हे प्रकल्पात स्पष्ट लिहा. इंग्लंडमध्ये फोटोग्राफीचे एक आद्य संशोधक टॅलबट यांनी १८३०च्या दशकातच पाने आणि लेस अशा रीतीने कागदावर उतरवली होती, आणि जर्मन चित्रकार क्रिस्टियान शाड यांनी मॅन रे यांच्या दोन-तीन वर्षे आधी कागदाचे कपटे व चिंध्या वापरून असे प्रयोग केले होते. मॅन रे यांचे वेगळेपण वस्तू निवडण्यात आणि प्रकाश हाताळण्यात आहे. ते दिवा हलवीत, मध्येच एखादी वस्तू उचलीत, दुसरी ठेवीत आणि पुन्हा प्रकाश देत. म्हणून एकाच कागदावर कुठे कडा धारदार दिसते, तर कुठे धुक्यासारखी विरते. १९२३ साली केलेल्या एका लघुपटासाठी तर त्यांनी कोऱ्या फिल्मवर मीठ, मिरपूड, टाचण्या आणि खिळे पसरून प्रकाश दिला. स्वयंपाकघरातल्या आणि शिंप्याच्या डब्यातल्या वस्तू होत्या त्या. हा धागा मनात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

सोलरायझेशनची, म्हणजे चित्र उमटत असतानाच पुन्हा प्रकाश देऊन छटा उलटवण्याच्या तंत्राची, कथाही अपघाताचीच आहे, पण ती सांगताना एक नाव हमखास गाळले जाते. १९२९ साली ली मिलर ही तरुणी शिकण्यासाठी मॅन रे यांच्याकडे आली. तिने पुढे सांगितले की, डार्करूममध्ये तिच्या पायावरून काहीतरी सरकले, ती ओरडली आणि तिने दिवा लावला. डेव्हलपरमधल्या निगेटिव्ह अर्ध्यावर असताना त्यांच्यावर प्रकाश पडला. त्या फेकून न देता दोघांनी पुढची क्रिया पूर्ण केली. पार्श्वभूमी उलटली होती आणि देहाच्या कडेने गडद रेघ आली होती. हा परिणाम १८६०च्या सुमारास सॅबातिए यांनी नोंदवला होता. मात्र तो काबूत आणून व्यक्तिचित्रांसाठी वापरण्याचे काम मॅन रे आणि मिलर या दोघांनी मिळून केले. तुमच्या प्रकल्पात त्या कामाचे श्रेय दोघांना द्यावे, असा माझा आग्रह आहे. हीच ली मिलर पुढे युद्धवार्ताहर झाली आणि १९४५ साली तिने नाझी छळछावण्यांचे फोटो काढले. तिची चित्रेही जरूर पाहा.

ती कडेची रेघ कशी येते, हे समजले म्हणजे संगणकाच्या मुद्द्याचेही उत्तर मिळते. निगेटिव्हवर अर्धवट काळ्या झालेल्या भागाशेजारी कोरा भाग असतो. पुन्हा प्रकाश पडल्यावर कोरा भाग वेगाने काळा होऊ लागतो. परंतु दोहोंच्या सीमेवर क्रियेतून सुटलेले ब्रोमाइड साचते आणि तेवढ्या पट्टीत क्रिया मंदावते. निगेटिव्हवर ती पट्टी पारदर्शक राहते आणि प्रतीवर काळी रेघ होऊन उतरते. संगणकातील सोलरायझेशन हे ठरावीक छटांची उलटापालट करते. शेजारी काय आहे, द्रव हलवला की स्थिर ठेवला, याचा त्याला पत्ता नसतो. संगणक वापरू नये असे मी म्हणत नाही. कच्ची कल्पना पाहण्यासाठी तो अवश्य वापरावा. मात्र ज्या शैलीचा अभ्यास करायचा आहे ती साहित्याशी झालेल्या झटापटीतून निघाली असेल, तर ती झटापट टाळून अभ्यास पूर्ण होत नाही.

आता घरी काय करता येईल, ते पाहू. तुम्ही ज्या गावात राहता तेथे फोटोग्राफीचा एक उत्तम पदार्थ पोत्यांनी विकला जातो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तुम्हाला ठाऊक असेलच. परंतु हळदीतील पिवळे द्रव्य उन्हात उडते, हा तिचा गुण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितला जातो. हळदीचा डाग पडलेले कापड धुऊन उन्हात टाकायचे, हे आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे. त्याच गुणावर हा छापा चालतो. वनस्पतींच्या रसांनी कागद माखून उन्हात चित्र उमटवण्याचे प्रयोग इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शल यांनी १८४०च्या दशकात केले आणि या पद्धतीला अँथोटाइप असे नाव मिळाले.

कृती अशी आहे. दोन चमचे हळदपूड पाऊण वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवून अर्धा तास ठेवावी आणि दाट कापडातून गाळावी. स्पिरिट पटकन पेट घेते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात, गॅसजवळ मुळीच करू नये; खिडकी उघडी असलेल्या, पण ऊन न येणाऱ्या खोलीत करावे. जाड ड्रॉइंग पेपरवर रुंद ब्रशने एक हात द्यावा, अंधारात वाळवावा, मग दुसरा हात द्यावा. वाळलेल्या कागदावर वस्तू मांडून कागद कडक उन्हात ठेवावा. वस्तू सपाट असेल तर वर काच ठेवून क्लिपांनी आवळावी. एक ते तीन तासांत उघडा भाग फिका पडतो. नंतर एका पेल्यातील पाण्यात चमचाभर टाकणखार विरघळवून ते पाणी कागदावरून फिरवावे. झाकलेल्या भागातील शाबूत हळद क्षाराने तांबूस तपकिरी होते आणि चित्र एकदम उठून दिसते. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि पूर्वी कुंकू याच रीतीने करीत, हे तुमच्या आजीला विचारलेत तर ती अधिक नेमके सांगेल.

येथे एक फरक टिपून ठेवावा. ब्रोमाइड पेपरवर वस्तूची सावली पांढरी आणि पार्श्वभूमी काळी येते. हळदीच्या कागदावर सावलीच गडद राहते. म्हणजे मॅन रे यांची रचना जशीच्या तशी उचललीत तर ती येथे उलटी पडेल. अर्धपारदर्शक वस्तूंचा विचारही नव्याने करावा लागेल.

याहून मोठा फरक वेळेचा आहे. मॅन रे यांचा कागद काही सेकंदांत काळा होत असे; तुमचा कागद दोन तास उन्हात राहील आणि त्या दोन तासांत सूर्य सुमारे तीस अंश सरकेल. कागदाला टेकलेली तार स्वच्छ रेघ देईल; परंतु भर दुपारच्या सुमारास पाच सेंटिमीटर उंचीची खुंटी उभी ठेवलीत, तर तिच्या टोकाची सावली सुमारे अडीच सेंटिमीटर फिरेल आणि कागदावर पंख्यासारखा फराटा उमटेल. जो दिवा मॅन रे हाताने हलवीत, तो येथे स्वतःच फिरतो. कोणती वस्तू टेकवायची, कोणती उचलून धरायची, कोणती तासाभराने काढून घ्यायची, एवढे ठरवणे तुमच्या हाती आहे. मला विचाराल तर दहापैकी किमान चार चित्रे याच एका गोष्टीवर करावीत आणि प्रत्येकामागे कागद उन्हात ठेवल्याची व काढल्याची वेळ लिहावी.

हळदीचे चित्र कायमचे पक्के करता येत नाही. उजेडात ते विटत जाते. म्हणून प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत ते बंद फायलीत ठेवावे आणि तयार झाल्याबरोबर त्याचा चांगल्या उजेडात, परंतु थेट उन्हात नव्हे, फोटो काढून ठेवावा.

आता तुमच्या तंबोऱ्याकडे येऊ. ‘ल व्हिओलाँ दँग्र’ हे १९२४ सालचे चित्र आहे. किकी या मॉडेलच्या उघड्या पाठीचा फोटो काढून, त्याच्या प्रतीवर व्हायोलिनची इंग्रजी एफसारखी दोन छिद्रे रंगवली गेली आणि त्या प्रतीचा पुन्हा फोटो घेतला गेला. चित्रकार आंग्र यांना व्हायोलिनचा नाद होता, त्यावरून फ्रेंच भाषेत ‘आंग्रचे व्हायोलिन’ म्हणजे छंद असा वाक्प्रचार रूढ झाला. शिवाय आंग्र यांनी रंगवलेल्या पाठमोऱ्या स्त्रियांची आठवण तेथे आहेच. त्या चित्राचा अर्धा अर्थ या शब्दखेळात आहे. तंबोरा आणला की तो खेळ मागे राहतो आणि हाती केवळ पाठ व नक्षी उरते. त्यात एका स्त्रीचे वाद्य केल्याबद्दल आज जे प्रश्न विचारले जातात, त्यांचे उत्तरही तुम्हाला तुमच्या बाजूने द्यावे लागेल. म्हणून ही कल्पना सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तंबोरा मात्र सोडू नका. सांगलीहून मिरज किती लांब आहे? तेथील सतारमेकर मंडळींची घरे भोपळा, दांडी, तबली, घोडी, खुंट्या अशा सुट्या भागांनी भरलेली असतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कारागिरांची परवानगी घेऊन, त्यांच्या कामात खोळंबा न करता तेथे एक-दोन दिवस नुसते बसा. तारांची उरलेली भेंडोळी, रंधा मारताना निघालेला लाकडाचा पातळ पापुद्रा, चिरलेल्या भोपळ्याची ठिकरी, जवारीचा दोरा (सूर खुलावा म्हणून तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवतात तो) अशा वस्तू मागून घ्या. पापुद्र्यातून ऊन झिरपेल, भेंडोळे कुठे टेकेल आणि कुठे अधांतरी राहील, भोपळ्याची ठिकरी एकाच बिंदूवर टेकून कडेने धूसर होत जाईल. प्वारे यांच्या प्रती करता करता मॅन रे यांनी हाताशी असलेले नरसाळे उचलले. तुमच्या हाताशी जे आहे ते तुम्ही उचललेत, तर परीक्षकांना त्यात मॅन रे दिसतीलही आणि कोणी ते अनुकरण म्हणणार नाही.

प्रश्न : मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. नववीच्या मुलांकडून पानाफुलांचे निळे छापे, म्हणजे सायनोटाइप, करून घेण्याचा विचार आहे. त्यातील एका रसायनाच्या नावात ‘सायनाइड’ असल्याने सहकारी शिक्षक घाबरले आहेत. धोका कितपत आहे? – एक शिक्षक, सातारा

उत्तर : ही पद्धत हर्शल यांनी १८४२ साली शोधली आणि पुढच्याच वर्षी इंग्रज वनस्पतिअभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशैवालांच्या अशा निळ्या छाप्यांचे पुस्तक काढण्यास सुरुवात केली. पोटॅशियम फेरीसायनाइडमध्ये सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते, त्यामुळे साध्या वापरात धोका कमी असतो. मात्र तीव्र आम्लाशी संयोग झाल्यास किंवा ते फार तापवल्यास विषारी वायू सुटू शकतो. म्हणून प्रयोगशाळेतील आम्लांच्या बाटल्या त्या खोलीत नसाव्यात. द्रावणे तुम्ही स्वतः हातमोजे घालून तयार करावीत : १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या बाटलीत १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही समप्रमाणात, लागेल तेवढीच मिसळून, कागद आदल्या संध्याकाळी मंद पिवळ्या दिव्याखाली माखून अंधारात वाळवावेत. मुलांकडे फक्त पाने मांडणे, ऊन देणे आणि साध्या पाण्यात धुणे एवढेच काम ठेवावे. भर उन्हात दहा मिनिटांच्या आसपास पुरतात, पण आधी एका पट्टीवर वेळ तपासून घ्यावी.

धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरणार असाल तर काळजी घ्यावी, कारण क्षारयुक्त पाण्याने निळा रंग फिका पडतो. पहिल्या पाण्यात लिंबाचे काही थेंब घालावेत. पाने शाळेच्या आवारातीलच घ्यावीत, आणि सहल कासला जाणार असली तरी पठारावरचे एकही फूल तोडू देऊ नये. नेचे, शेवग्याची डहाळी आणि आंब्याचे किडीने जाळीदार केलेले वाळके पान यांचे छापे फार सुंदर येतात.